उतरायची वाट

नव्या रिंगरोडच्या नकाशावरची एक वाट खोडली, की अभियंतासाहेबांचे जन्मभराचे रविवार मोकळे होणार होते. सासूबाईंचं उपनगर नेमकं त्याच रस्त्याला लागून. दर रविवारी बायको त्यांना तिकडे ओढून न्यायची आणि सासूबाई गळका नळ दुरुस्त करून घेता घेता आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून ऐकवायच्या. साहेबांनी ‘तांत्रिक अडचण’ असा शेरा मारला आणि त्या उपनगरात उतरायची वाटच उडवून टाकली. जुना रस्ता रिंगरोडने आधीच गिळला होता. आता तिथल्या लोकांना घरी जायला अख्ख्या शहराला वळसा पडणार होता, पण साहेबांची त्याला काही हरकत नव्हती.

“अहो, मग आईकडे जायचं तरी कसं?” बायकोने विचारलं.

“विकास म्हटला की थोडी झळ सोसावीच लागते गं,” साहेब गंभीरपणे म्हणाले.

रस्ता सुरू झाला त्या रविवारी साहेब मस्त लोळत पडले होते, तोच बेल वाजली. दारात सासूबाई, दोन ट्रंका आणि शिलाई मशीन.

“काय झकास रस्ता केलात हो, जावईबापू! चढायची वाट अगदी आमच्या दारातून, दहा मिनिटांत इथे! टॅक्सीचा ड्रायव्हर निघण्याआधीच म्हणाला, परत जाताना मात्र उतरायला जागाच नाही. म्हटलं, मग जायचंच कशाला?”

 

साहेबांना आता रविवारी कुठेच जावं लागत नाही. पित्ताशयाची गोष्ट सोमवारी सकाळी सुरू होते, ती रविवारी रात्री संपते.