चिंचेने घासलेलं पिस्तूल

कोलशेतच्या हौसाबाईंनी देव्हाऱ्यातलं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. जुनी हत्यारं पारखणं माझं काम. मिठागराच्या साहेबाने ते हौसाबाईंच्या सासऱ्यांना दिलेलं, असं त्यांचा नवरा जन्मभर सांगायचा. पण मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याने ते परदेशी नक्कल ठरवलं. इतकं जुनं पितळ असं चकाकत नाही म्हणाला. “दर दसऱ्याला चिंचेने घासते ना,” हौसाबाई म्हणाल्या. मी स्क्रू काढून नळी लाकडातून उचलली. खाली, चिंच कधीच पोचली नव्हती तिथे, काळपट लोखंडावर तपासणीचे जुने ठसे होते. नकलेत ते नसतात. “आजी, अस्सल आहे.” त्या गालात हसल्या. “म्हंजे माजा म्हातारा खोटा नवता.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर वाटणीसाठी दोन्ही मुलगे थांबले होते. “त्यांना नकलीच सांग,” त्या म्हणाल्या. “दोघांत वाटायला एकच हाय.” मी तोंड पाडून बाहेर आले.