वीसपैकी बारा

“वीसपैकी बारा झेलले,” म्हणत फिजिओ बाईंनी वहीत आकडा लिहिला. सलग सहावा आठवडा, आणि बाराच. “हात आता इथेच थांबलाय. बेकरीला तसं कळवावं लागेल.”

केकवर क्रीमची फुलं काढणारा आत्याचा उजवा हात अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून मांडीवर पाहुण्यासारखा बसून असायचा. बेकरीचा मालक सोमवारपर्यंत थांबणार होता. मग तिच्या जागी दुसरी कुणीतरी.

तोंड उतरलं ते भाचीचं. उजव्या हाताने माउस हलवून पडद्यावरचा चेंडू झेलायचा हा खेळ तिनेच आत्यासाठी बनवला होता. तोही कशावर! भंगारातले भाग जोडून केलेला कॉम्प्युटर, आणि त्यात भलत्याच कंपनीची सिस्टीम नाना युक्त्या करून बसवलेली. खेळ बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी बजावायचं, ‘या कॉम्प्युटरवर चालण्याची हमी नाही.’ “नको देऊस जा!” म्हणून ती पुढचं बटण दाबायची. सुरुवातीला सगळं नुसतं रांगायचं. मग दर रविवारी ती इंटरनेटवरच्या आपल्यासारख्याच खटपट्या मंडळींकडून एखादी नवी युक्ती उचलायची आणि गाडी आणखी थोडी पळायला लागायची.

“बाई, दोनच मिनिटं थांबा ना.” तिने मोबाइलमध्ये पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ शोधला. हातात काहीतरी फरक दिसेलच, एवढीच आशा. दिसला तो चेंडू. साबणाच्या फुग्यासारखा तरंगत खाली येत होता. व्हिडिओच हळू चाललाय का? छे! आत्याची बडबड तर नेहमीसारखीच धडाधड ऐकू येत होती.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पडद्यावरचं चित्र एकदा बदललं की चेंडूने एक पाऊल खाली यायचं, असं तिनेच लिहिलं होतं. घड्याळाचा त्यात कुठे पत्ताच नव्हता. कॉम्प्युटर पळेल तसा चेंडू पळणार. आणि कॉम्प्युटरचा वेग तर सहा आठवडे वाढतच चालला होता, इतका हळूहळू की कुणाच्या लक्षातही येऊ नये.

तिने चेंडूला पहिल्या आठवड्याचा वेग देऊन टाकला. आत्याला मात्र अवाक्षर सांगितलं नाही.

“आत्या, एकदाच खेळ. माझ्यासाठी.”

“तू पिच्छा सोडशील तर शपथ,” कुरकुरत आत्या खुर्चीत बसली.

पाच. अकरा. सतरा. बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. वीस.

आत्याने भलीमोठी जांभई दिली. “हे काय गं, तान्ह्या बाळांसाठी बनवलंस? माझा रोजचा खेळ लाव बघू.”