बर्फाची पेटी

"केसांचं तेल, मोठी बाटली. कंगवा, बारीक दातांचा," वेंडेलनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि समोर बसलेल्या युसेबियोच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिलं. "काय रे, खडकावर पेरणी करतोयस?"

"आशा असते माणसाला," युसेबियो म्हणाला.

पोस्टाच्या ओसरीवरची सगळी माणसं हसली. विनोद वेंडेलचा होता, हसावंच लागे. तो पाणी कमिटीचा चेअरमन. डोंगरातून येणाऱ्या एकुलत्या एक नळाची किल्ली त्याच्या कमरेला असे, आणि त्याच्या विनोदाला जो हसला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी करंगळीएवढी धार येई. पिएद्रात वर्षातून दोनदा पाऊस पडतो, तोही रस्ता चुकून. अशा ठिकाणी माणूस हसायला पटकन शिकतो.

महिन्याचा पहिला शनिवार होता. त्या दिवशी गावातली एक गाडी शहरात जायची. दीडशे मैल, तीन घाट, वाटेत झाड नाही. जो जाईल त्यानं सगळ्या गावाची यादी न्यायची, हा पिएद्रातला सगळे पाळत असलेला एकमेव कायदा. गाडीत गावाची बर्फाची पेटीही जायची. निळ्या पत्र्याची, एका बाजूला पोचा आलेली. तिच्याशिवाय त्या उन्हात मांस आणि लोणी घरापर्यंत टिकत नसे, म्हणून लोक तिला चर्चच्या घंटेपेक्षा जास्त जपत.

या वेळी पाळी ओफेलियाची होती, म्हणजे वेंडेलच्या बायकोची. एरवी गाडीची चावी तिच्या हाती लागत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कारण सांगावं लागे, आणि कारण पटलं नाही तर काय होई ते तिच्या लांब बाह्यांवरून भर उन्हाळ्यातही कळे. गावाला ते अठरा वर्षं कळत होतं. गाव मुकाट्यानं पाणी भरत होतं आणि हसत होतं.

पेटीच्या तळाशी, टॉवेलखाली, ओफेलियानं आपला जन्माचा दाखला, आईचा फोटो आणि एक जोडी कपडे ठेवले होते. चार वाजता शहरातून उत्तरेकडची बस सुटायची. बहिणीला पत्र गेलं होतं. ओफेलिया परत येणार नव्हती, आणि हे तिनं गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. आता फक्त या माणसाचं वाचन संपायला हवं होतं.

पण वेंडेल रंगात आला होता. ज्याचा कुत्रा नाताळातच मेला त्या क्लेमला कुत्र्याचं खाणं हवं होतं. पाद्रीबुवांना मासे धरायचा गळ हवा होता, आणि सगळ्यात जवळची नदी नव्वद मैलांवर. "अख्खं गाव येडं झालंय," वेंडेल खूश होऊन म्हणाला. मग त्यानं हॅटीबाईची चिठ्ठी उघडली. हॅटीबाई पोस्ट सांभाळायची. पोस्टकार्डं ती वाचायचीच, पाकिटंही, डिंक कच्चा असला तर.

"अख्खे अक्रोड, दोन पिशव्या. हॅटीबाई, फोडणार कशानं, हिरड्यांनी?"

"घेईन कुणाकडून तरी फोडून."

"आणि हे काय, शिलाई मशीनचा पट्टा? तो देणारं दुकान सोमवारी उघडतं. म्हणजे बायको माझी दोन रात्री शहरात राहणार? काही गरज नाही."

ओफेलियानं मनात हिशोब केला. आज रात्री ती परतली नाही तर हा उजाडायच्या आत कुणाची तरी गाडी घेऊन निघेल, आणि बहिणीचं गाव त्याला ठाऊक होतं; तिथून पुढे सटकायला तिला दोन दिवस तरी हवे होते.

"राहू द्या मग," हॅटीबाई म्हणाली. "पाणी कमिटीच्या समारंभाचा कापडी फलक शिवायचा होता, चेअरमन. तुमचं नाव टाकणार होते, भरतकामात. आता रंगानं लिहू, काय करणार."

वेंडेलनं घसा साफ केला. फलक कापडाचाच बरा दिसतो, असं तो म्हणाला. मग त्यानं गाडीच्या मीटरवरचा मैलांचा आकडा वहीत टिपला आणि चावी बायकोच्या हातात टाकली. "सोमवारी पाचला दारात हवीस."

गाडी सुरू झाल्यावर हॅटीबाई लंगडत खिडकीशी आली. "एक राहिलंच बघ," म्हणाली आणि घडी घातलेला कागद आत सरकवून गेली. ओफेलियानं तो न वाचताच खिशात कोंबला.

तिन्ही घाटांत ती गावावर चिडत राहिली. अठरा वर्षं एकानं तोंड उघडलं नाही, आणि आज, नेमक्या आजच, यांना गळ आणि अक्रोड सुचतात. तरी ती आधी दुकानातच गेली. पळून जाणारी असली तरी पिएद्राची बाई होती, यादी टाकून जाणं तिच्या हातून होईना. सामान घेऊन टपालाच्या गाडीवर चढवायचं आणि मग बस धरायची, असं तिनं ठरवलं.

दुकानात अडीच वाजले होते. पहिला तिनं कंगवा उचलला, बारीक दातांचा. तो हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग यादी पुन्हा वाचली, सावकाश, एकेक ओळ. कंगवा तिनं पुन्हा जागेवर ठेवला. तिनं खिशातला कागद काढून उघडला.

"काही आणू नकोस. तूही येऊ नकोस. सोमवारपर्यंत त्याच्या विनोदांना आम्ही हसत राहतो, सवय आहे. पेटी तेवढी टपालाच्या गाडीनं परत पाठव, ती गावाची आहे."