टोलेडोची टेप

कॉपर हेरन बँडच्या साऱ्या मैफलींच्या, स्वतः प्रेक्षकांत बसून केलेल्या टेप लॉयडकडे होत्या, फक्त टोलेडो शहरातल्या मैफलीची नव्हती. आणि ती नसल्याचाच त्याला मोठा अभिमान होता. "तुझ्या आईला पहिली कळ आली मात्र," मार्लाला, आपल्या मुलीला, तिच्या दर वाढदिवसाला तो ऐकवायचा, "रेकॉर्डर, माईक, सगळं तिथेच टाकून मी तिला घेऊन हॉस्पिटलकडे पळालो!"

यंदा ओरेगॉनच्या एका संग्राहकाने टोलेडोच्या टेपची नक्कल धाडली. त्या दिवशी तो लॉयडच्या शेजारीच माईक उभारून बसला होता म्हणे. लॉयडने बायकोला आणि मार्लाला स्पीकरपुढे बसवलं. गिटार ऐन रंगात आली आणि माईकजवळ कुणी बाई कुजबुजली. लगेच एक पुरुष खेकसला, "श्श! टेप चालू आहे!" पुढच्या गाण्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच.

"कोण हा गाढव!" लॉयड चरफडला. "बाई परवडली, पण हा! असल्यांना आत सोडतातच कशाला?"

"ती काय म्हणतेय ते तर ऐक," त्याची बायको डोरीन म्हणाली.

लॉयडने टेप मागे घेऊन आवाज वाढवला.

"लॉयड, कळा थांबत नाहीयेत रे. चल ना!"

"श्श! एवढं गाणं संपू दे!"

मार्ला बापाकडे बघतच राहिली. लॉयडने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग डोरीनचा हात हातात घेऊन तो कळवळून म्हणाला, "जरा हळू बोलली असतीस, तर टेप काय स्वच्छ निघाली असती गं!"