साडीवरचा शर्ट

गडमुडशिंगीत आई उसात तण भांगलायला जाताना साडीवर वडिलांचा जुना शर्ट घालायची, पाल्यानं हात कापू नयेत म्हणून. चौथीत मी तिला बजावलं, “शर्ट घालून शाळेत येऊ नको. पोरी हसतात.” तेव्हापासून ती फाटकाबाहेरच शर्ट काढून काखेत मारायची. खिशातले शेंगदाणे मला घरी गेल्यावरच मिळायचे. आता कागलच्या एमआयडीसीत नोकरीला जाताना मीही साडीवर डेनिमचा शर्ट घालते. गाडीवर ऊन लागत नाही, खिसे मिळतात आणि कंपनीतल्या मुली विचारतात, “मॅडम, कुठनं घेतला?” परवा कामावरून येताना आईला घेऊन लेकीच्या शाळेत गेले. फाटकाशी गाडी थांबताच आईनं हात पुढं केला. “काढ की शर्ट. आण हिकडं. पोरी हसतील.” लेक मैत्रिणींसकट धावत आली. माझा खिसा चाचपून तिनं शेंगदाणे काढले आणि त्यातले चार आजीच्या उघड्या तळहातावर ठेवले.