ह्यांची तिथी

आज पितृपक्षातली ह्यांची तिथी. अबुधाबीतल्या आमच्या बाल्कनीत पान वाढून ठेवलं. खीर, वडे, ह्यांच्या आवडीची अळूवडी. मग म्युनिकला शिकणाऱ्या देवांशला व्हिडिओ कॉल लावला. पोरानं निदान लांबून नमस्कार करावा, एवढंच.

मागे बँड, गर्दी, गाणी. आणि चिरंजीवांसमोर बिअरचा हा एवढा मोठा मग, काठोकाठ.

"ऑक्टोबरफेस्ट आहे, आई. अख्खं शहर इथेच आहे."

"वडिलांच्या तिथीला दारू? आजचा एक दिवस तरी पाळायचास."

"आई, लिसन..."

"खलास. मला काही ऐकायचं नाही. ह्यांच्या आधी नको म्हणून मी सकाळपासून घासही घेतलेला नाही, आणि तू?"

मग त्यानं कॅमेरा फिरवला. समोरच्या बाकावर एक जागा रिकामी ठेवलेली, आणि तिच्यापुढे दुसरा भरलेला मग.



"अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा बाबा म्हणाले होते, पहिल्या ऑक्टोबरफेस्टला मी येणार. त्यांचं पान वाढलंय, आई. त्यांच्या आधी मी कसा पिऊ?"