थोरली पुढे, धाकटी मागे

मनोऱ्याच्या दाराशी दोघी जावा पोचल्या तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. तिकीटवाली कुलूप हातात घेऊनच उभी होती. धाकटीने धापा टाकत दोन बोटं दाखवली, तिने दोन तिकिटं फाडली.

"चारला खालचं दार बंद, सव्वाचारला वरच्या सज्ज्याचं," असं टूर मॅनेजरने बसमध्येच बजावलं होतं. "पायऱ्या दोनशे बारा. गुडघेवाल्यांनी आपलं खाली बसून कॉफी प्यावी." हे बोलताना त्याने थोरलीकडे बघितलं आणि तिथंच त्याचं चुकलं. थोरलीने पदर खोचला. "चल गं," ती धाकटीला म्हणाली, "याला दाखवतेच."

खरं तर मनोऱ्याचा हट्ट धाकटीचा. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गोऱ्या साहेबांनी समुद्रापार येऊन वसवलेलं ते जुनं गाव, गव्हर्नरचा पिवळा बंगला, खांबाखांबांचं जकातघर, बंदराकडे तोंड करून बसलेल्या तोफा; एका तोफेवर तर तिने कुणी बघत नाही असं बघून थाप मारून घेतली. चर्चमागच्या दफनभूमीत मॅनेजरने दगडांवरची वयं वाचून दाखवली. बावीस. तेवीस. एकोणीस.

"तापाने गेली म्हणे सगळी," थोरली हळहळली. "इतक्या लांब कशाला यायचं मरायला?"

"राज्य करायला आले होते ना!" धाकटी म्हणाली, पण तिचं लक्ष दगडांकडे नव्हतंच. ती मान वर करून मनोरा बघत होती. तिथून म्हणे सगळं गाव आणि अख्खा समुद्र एका नजरेत दिसतो. एकसष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं, आणि थोरलीने लगेच "चढू की!" म्हटलं होतं.

जिना गोल आणि एका माणसापुरता. थोरली पुढे शिरली, धाकटी मागे. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. अडतीस वर्षं दोघी एकाच घरात नांदल्या. दारातून आत जाताना, गाडीत बसताना, लग्नाच्या फोटोत उभं राहताना हाच क्रम. कुठे काही बघण्यासारखं असलं की थोरली बघून यायची आणि घर सांभाळत बसलेल्या धाकटीला सांगायची. सांगायचीही छान, अगदी हातवारे करून.

आताही तिचं तेच चाललं होतं. भिंतीत हातभर खिडकी आली की वरून आवाज यायचा. "समुद्र दिसला गं! अगंबाई, होडी! लाल आहे!" धाकटी त्या खिडकीशी पोचेपर्यंत होडी निघून गेलेली असायची. राहिलेलं पाणी ती बघून घ्यायची आणि पुन्हा चढू लागायची. तिला मजा येत होती. फक्त समोर सतत थोरलीची पाठ होती आणि ती पाठ आता प्रत्येक पायरीवर थांबत होती.

एकशे चाळिसाव्या पायरीवर थोरली खाली बसली.

"संपलं माझं पेट्रोल. किती वाजले?"

"चार दहा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला. "असू दे जाऊबाई. उतरू या आपण."

"उतरू या काय! तू हो पुढे."

"तुम्हाला टाकून?"

"टाकायला मी काय बोचकं आहे?"

"अहो, पण तुमच्या पुढे..."

"हो म्हणते ना!" थोरलीने गुडघे एका बाजूला वळवले आणि भिंतीला चिकटून अंग चोरलं. धाकटीने साडी सावरली, तिला ओलांडायला पाय उचलला, आणि तो नेमका थोरलीच्या मांडीला लागला. झालं! धाकटी तिथेच अर्ध्यावर वाकली, थोरलीला हात लावून तिने कपाळाला लावला.

"अगं, नमस्कार कसले करत बसलीस! तोवर दार लावतील!"

मग मात्र धाकटी पळाली. दोन्ही हातांनी साडी वर धरून, पायऱ्या मोजायचं सोडून, शाळेला उशीर झालेल्या पोरीसारखी. वर पहारेकरी दार ओढून घेतच होता. तिला बघून तो थबकला, हसला आणि बाजूला झाला.

सज्ज्यात वारं भणाणत होतं. खाली लाल कौलांचं गाव, गल्ल्या, बंगला, बोटभर झालेल्या तोफा, आणि पलीकडे समुद्र, केवढा तरी. तिच्या समोर कुणाची पाठ नव्हती. आनंदाने धाकटीला रडूच यायला लागलं, आणि ती मोठ्याने हसली.

जिन्यातून आवाज घुमत आला. "पोचलीस का गं?"

"पोचले!"

"काय काय दिसतंय? सांग की!"

धाकटीने सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कठडा घट्ट धरून, समुद्रावरची नजर न काढता ती ओरडली,

"थांबा हो जरा! आधी मला बघू द्या!"